नावं विचारायची राहून गेलेल्या माणसांचे आभार

धाकट्या भावाला मनोरुग्णालयात दाखल करायचं ठरलं, त्या आठवड्यात घरात कुणालाच काही सुचत नव्हतं. रात्री १४४१६ वर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडच्या ताईंनी माझं रडणं पुरतं ऐकून घेतलं, मगच बोलल्या. गल्लीतल्या औषध दुकानाच्या काकांनी जुन्या चिठ्ठ्या तारखेवार लावून दिल्या.

वॉर्डातल्या सिस्टर, तुम्ही नाडीचा पायजमा, पट्टा, चार्जरची वायर घरी पाठवायला सांगितलीत आणि कारणही सांगितलंत. तेही माझ्याकडं नाही, भावाकडं बघून. इतक्या दिवसांत त्याच्याशी थेट कुणी बोललंच नव्हतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो, हे समाजसेविका बाईंनी समजावलं. त्यानं माझं नाव लिहिलं. दाखल व्हायची सहीसुद्धा त्यानं स्वतःच केली.

आणि रिक्षावाले मामा, रंकाळ्यापाशी तो "जरा थांबूया" म्हणाला, तेव्हा तुम्ही इंजिन बंद केलंत. अर्धा तास आम्ही पाण्याकडं बघत बसलो. तुम्ही एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग तोच म्हणाला, "चला मामा, जाऊया आता."