आईच्या गालाबद्दल, दोघांनाही

ती. आई-बाबांस,
सा. न.

फेसलिफ्टच्या ऑपरेशननंतर गाल कसा आहे विचारलं की फोनवर आई म्हणते, "काही नाही गं, थोडी सूज आहे," आणि मागून बाबा ओरडतात, "जेवायला बसली की फुगतो, ते सांग तिला!" बाबा, सगळं निदान तुमच्या त्या वाक्यात आहे. साधी सूज किंवा साकळलेलं रक्त जेवणाची वेळ बघून वाढत नाही. लाळ वाढते.

फेसलिफ्टमध्ये कानापुढची कातडी उचलून खालचा थर ताणून शिवतात. त्याच्या लगेच खाली पॅरोटिड असते, गालगुंडात सुजते तीच लाळग्रंथी. तिला जरासा धक्का लागला तरी लाळ तोंडात न येता कातडीखाली साचू शकते. परवा आईच्या गालातून सिरिंजने काढलेल्या पाण्यात अमायलेज, म्हणजे लाळेतलं पाचक द्रव्य, भरमसाट निघालं, म्हणजे ती लाळच. याला सियालोसील म्हणतात. तीच टाक्यांतून बाहेर झिरपू लागली तर फिस्टुला. असं क्वचितच होतं, आणि झालं तरी बहुतेक वेळा पुन्हा न कापता बरं होतं.

नळ बंद ठेवायचा आणि पाइपची चीर भरू द्यायची, एवढाच उपाय. पाणी पुन्हा भरलं तर पुन्हा काढतील, घाबरू नका. त्यावर दाबाची पट्टी मात्र हवीच. आई, शेजारच्या काकी आल्या की तू पट्टी काढून ठेवतेस, हे मला कळलंय. बाबांनी त्यांना दाढ काढली म्हणून सांगितलंय ना? मग पट्टी शोभतेच की!

खाण्याचं बघा. पेज चालेल, पण सोबत चेपणीतलं तोर, ती मिठात मुरलेली कैरी, नाही. सोलकढी, बिंबलं, लिंबू, लोणचं काही नाही. चावावं लागेल असंही काही नको. नुसत्या वासानेसुद्धा लाळ सुटते, तेव्हा बाबा, तुम्ही तिच्यासमोर बसून हुमण ओरपू नका. शेक आणि तेलाचं मालिश तर अजिबात नको, आत्येने कितीही सांगू दे.

आता गोळ्या. ग्लायकोपायरोलेट लाळ कमी करते, पण तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, लघवी अडकू शकते. आणि काही प्रकारच्या काचबिंदूत अशा औषधांनी डोळ्यातला दाब वाढतो. आई, तू रात्री डोळ्यांत थेंब घालतेस हे डॉक्टरांना सांगितलंस का? बाबा, पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करून विचारा.

एवढ्याने थांबलं नाही तर ग्रंथीत बोटॉक्स टोचतात. लाळेला हुकूम देणारी रसायनं त्याने सुटत नाहीत. गुण यायला काही दिवस लागतात, तो तीनेक महिने टिकतो, तोवर आतलं भरून येतं. सुरकुत्यांसाठी बोटॉक्स नको म्हणून तू ऑपरेशन करून घेतलंस, आता लाळेसाठी तेच घ्यावं लागेल बहुतेक. हसू नकोस, गाल ताणेल.

ताप, लाली, ठणका किंवा पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ओठाचा कोपरा वाकडा वाटला, डोळा नीट मिटेना, तरीही. चेहऱ्याची नस त्याच ग्रंथीतून जाते.

बाबा, "या वयात हे कशाला" हे तुमचं बोलून झालंय. पैसे तिच्या पेन्शनचे, चेहरा तिचा. आता ताटावर बसलेली असताना तरी ते नको. आधीच प्रत्येक घासाला गाल चाचपते ती.

चवथीला मी आधीच येते. नेवऱ्या मी तळीन, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बाबा आणि दादा बांधतील, आई नुसती खुर्चीत बसून हुकूम सोडेल. पाहुण्यांना काय सांगायचं ते आईने ठरवावं, आपण तेच सांगू.

तपासणीला जाताना फाइलबरोबर डोळ्यांच्या थेंबांची बाटलीही पिशवीत टाका.

तुमची,
बाय