फुटलेल्या कागदाचा फोटो छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कागद फुटला की बातमीच्या बाजूला त्याचा फोटो छापायचा, ही पद्धत आता सगळीकडे रुळली आहे. बातमी खरी आहे हे वाचकाला पटावे, हा हेतू रास्तच आहे. पण मूळ कागदाचा जसाच्या तसा फोटो छापला, तर तो कागद बाहेर काढणाऱ्याचा माग त्यातूनच लागू शकतो.

बरेच रंगीत लेझर प्रिंटर पानभर फिकट पिवळे ठिपके छापतात. एकेक ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, निळ्या प्रकाशात भिंग धरले की गडद उठून दिसतो. त्यांच्या मांडणीत प्रिंटरचा अनुक्रमांक आणि छपाईची तारीख-वेळ दडलेली असते. अमेरिकी गुप्तचर संस्थेतील कंत्राटी कर्मचारी रिॲलिटी विनर यांनी २०१७ मध्ये बाहेर काढलेला गुप्त अहवाल ‘द इंटरसेप्ट’ या वृत्तसंकेतस्थळाने प्रसिद्ध केला, तेव्हा जाणकारांनी त्या पानांवरून ९ मे, ६ वाजून २० मिनिटे ही छपाईची वेळ वाचून दाखवली.

मात्र विनर पकडल्या गेल्या त्या ठिपक्यांमुळेच, असे म्हणता येत नाही. बातमी येण्याआधीच त्यांना अटक झाली होती. पडताळणीसाठी अहवालाची प्रत सरकारला दाखवली गेली होती. तीवर घडीच्या खुणा होत्या, म्हणजे कोणीतरी अहवाल छापून बाहेर नेला होता. नोंदी तपासल्यावर छापणारे सहाच जण निघाले आणि त्यांतल्या एकीने कार्यालयातील संगणकावरून ‘द इंटरसेप्ट’ला ईमेल केलेला होता. शिक्षा झाली ६३ महिन्यांची. म्हणून पडताळणी करताना अधिकाऱ्यासमोर कागद ठेवू नये. मजकूर तोंडी सांगावा, तोही आवश्यक तेवढाच.

झेरॉक्स प्रतही सुरक्षित नसते. काचेवरचा ओरखडा, ड्रमवरचा डाग प्रत्येक प्रतीवर त्याच जागी उमटतो. १९८३ मध्ये ब्रिटनच्या ‘गार्डियन’कडे अमेरिकी क्षेपणास्त्रांच्या ब्रिटनमधील आगमनाविषयीचे सरकारी टिपण आले. न्यायालयाच्या आदेशावरून वृत्तपत्राला ते परत द्यावे लागले आणि प्रतीवरच्या खुणांवरून माग परराष्ट्र खात्यातल्या यंत्रापर्यंत पोचला. सारा टिस्डल या २३ वर्षांच्या कर्मचारी सहा महिन्यांच्या शिक्षेवर तुरुंगात गेल्या. टिपण आदेशापूर्वीच नष्ट केलेले असते, तर परत द्यायला काही उरलेच नसते. आदेश हाती पडल्यावर मात्र नष्ट करणे हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून प्रत किती दिवस ठेवायची हे कागद येताच वकिलाशी बोलून ठरवावे.

संगणकावरील फाइलचे दुखणे वेगळे. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी खालची अक्षरे तशीच राहतात. निवडून दुसरीकडे चिकटवली की सगळे वाचता येते. इटालियन गुप्तचर अधिकारी कालिपारी यांच्या मृत्यूवरचा अमेरिकी लष्कराचा अहवाल २००५ मध्ये असाच उघडा पडला. फोनने काढलेल्या फोटोत ठिकाण आणि वेळ नोंदलेली असू शकते, तीही काढावी लागते.

सर्वांत फसवा सापळा शब्दांचा असतो. प्रत्येक अधिकाऱ्याला दिलेल्या प्रतीत एखादा शब्द, स्वल्पविराम किंवा दोन शब्दांमधले अंतर मुद्दाम वेगळे ठेवतात. मग वृत्तपत्रात कोणती प्रत उमटली हे पाहिले की झाले. मजकूर नव्याने टंकित केल्याने ठिपके, घड्या, जावक क्रमांक, हाताचे शेरे जातात, शब्द तेच राहतात. दुसऱ्या कोणाकडची प्रत मिळाली तर ओळीशी ओळ ताडून पाहावी. न मिळाल्यास आशय आपल्या शब्दांत द्यावा आणि अवतरणचिन्हांत फक्त आकडे, तारखा व कायद्याची कलमे ठेवावीत, तीही दुसऱ्या मार्गाने पडताळून, कारण फरक आकड्यातही पेरता येतो.

मग वाचकाने विश्वास कशावर ठेवायचा? किती स्वतंत्र व्यक्तींनी मजकुराला दुजोरा दिला आणि संबंधित खात्याने काय उत्तर दिले, हे बातमीतच लिहावे. मला तरी तेवढे पुरेसे वाटते. मूळ पान पाहण्याचा माझा हट्ट नाही.

आपला,
एक वाचक