एकच नाव, अनेक वाण

संपादक महोदय,

वन्यप्राण्यांतील परजीवींवरील आपल्या लेखात टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा ‘जगभर आढळणारा एकच परजीवी’ असल्याचे म्हटले आहे. नावापुरते ते खरे आहे. 1908 मध्ये ट्युनिस येथे गुंडी नावाच्या कृंतकात सापडलेल्या या एकपेशीय जीवाची जात आजही एकच मानली जाते; पण त्या नावाखाली किती निरनिराळे वाण नांदतात, हे वन्यप्राण्यांचे नमुने तपासले जाईपर्यंत फारसे ध्यानात आले नव्हते.

1990च्या दशकात, मुख्यतः उत्तर अमेरिका व युरोपातील रुग्ण आणि पाळीव जनावरांच्या नमुन्यांवरून, याचे तीनच ठळक प्रकार असल्याचे मत रूढ झाले. पुढे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मेलेल्या समुद्री पाणमांजरांत या तिन्हींत न बसणारा वाण आढळला आणि दक्षिण अमेरिकेतील नमुन्यांनी तर ती चौकटच मोडली. कारण उघड आहे. या परजीवीचे लैंगिक प्रजनन फक्त मांजरकुळातील प्राण्यांच्या आतड्यात होते; एकाच वेळी दोन वाण तेथे पोहोचले, तरच जनुकांची सरमिसळ होते. जेथे रानमांजरे आणि त्यांची भक्ष्ये विविध, तेथे ही संधी अधिक. हा केवळ वर्गीकरणाचा वाद नव्हे, कारण दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात अशा जंगली वाणांमुळे प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या धडधाकट माणसांनाही फुफ्फुसांचा गंभीर आजार झाला आहे.

आपल्या लेखात दिलेली बाधित प्राण्यांची टक्केवारी रक्तातील प्रतिपिंडांवरून (संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांवरून) काढलेली आहे. प्रतिपिंडे सापडली की संसर्ग होऊन गेला एवढे कळते, कोणत्या वाणाचा ते नेहमीच्या चाचणीत कळत नाही. त्यासाठी परजीवीचा डीएनए हवा, म्हणजे ऊती हवी. मेलेला प्राणी शवविच्छेदनाच्या टेबलावर येईतो परजीवी जेथे दडून बसतो त्या मेंदूचा उन्हाने पुष्कळदा लगदा झालेला असतो. मग हृदयाच्या किंवा जिभेच्या स्नायूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यायचा आणि त्यात परजीवीची पुटी (ऊतीत दडलेला त्याचा कोश) असेल अशी आशा करायची. (ती बहुधा नसतेच, हे स्वानुभवाने सांगतो.) शिवाय एकाच जनुकीय चिन्हकावर (वाण ओळखण्यासाठी तपासल्या जाणाऱ्या डीएनएच्या ठरावीक भागावर) विसंबल्यास वेगळा वाणही ओळखीच्या प्रकारात जाऊन बसतो, म्हणून आता दहा वा अधिक चिन्हके एकत्र पाहण्याची पद्धत आहे.

पुढील लेखात टक्केवारीसोबत किती प्राण्यांच्या ऊती तपासल्या आणि किती चिन्हकांवर, एवढे अवश्य छापावे.

– एक पशुवैद्यक वाचक