बाळूच्या आकडीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाळूचा ताप उतरला. काल पेज खाल्ली, आज घरभर धावतोय. पण आई, फोनवर तुझा आवाज अजून कापतो. पुढे त्याला फेफरं लागेल का, हे तुझ्या ओठांवर येतं आणि तू गिळतेस.

डॉक्टरांना मी हेच विचारलं. ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या १०० मुलांपैकी २ ते ५ जणांना तापात आकडी येते. बाळूची साधी होती: सगळं अंग एकदम, १५ मिनिटांच्या आत, दिवसात एकदाच. अशा १०० मुलांत पुढे अपस्मार, म्हणजे फेफरं, होतो तो एखाद-दुसऱ्याला, आणि आकडी कधीच न आलेल्या मुलांतही साधारण एकाला होतोच. आकडी एकाच बाजूची असेल, लांबली, त्याच दिवशी पुन्हा आली, मुलाची वाढ मागे असेल किंवा आईवडील-भावंडांत कुणाला अपस्मार असेल, तर धोका वाढतो. बाळूच्या बाबतीत यातलं काही नाही, म्हणून रोजची गोळीही नाही.

दृष्ट काढायची तर काढ, पण हे कुणाच्या नजरेनं झालेलं नाही. ही आकडी घराण्यात उतरते. लहानपणी मलाही आली होती ना? सोयरीक मोडेल म्हणून तुम्ही ते कुठे बोलला नाहीत. तेव्हाची डिचोली मला ठाऊक आहे, माझा राग नाही. पण बाळूचं मात्र लपवायचं नाही. बालवाडीत मी सांगणार आहे, वाड्यावर कुणी विचारलं तर तूही सांग.

बाबा, त्याचे डोळे फिरले, ओठ निळे पडले, तेव्हा तुम्ही कांदा आणायला धावलात आणि आईनं दातांत चमचा घातला. जीव तुटला म्हणूनच केलंत. पण चमच्यानं दात तुटतो, श्वास अडकतो. तीनांतल्या एका मुलाला आकडी पुन्हा येते, म्हणून नीट सांगते. त्याला जमिनीवर कुशीवर वळवा, गळ्याचं बटण सोडा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात पाणीसुद्धा नको. बाबांनी फक्त घड्याळ बघायचं. ५ मिनिटांत थांबली नाही तर आकडी थांबवायचा, नाकात मारायचा स्प्रे द्या आणि १०८ ला फोन करा. अर्धा तास चाललेली आकडी मेंदूला इजा करू शकते, म्हणून वाट बघत बसायचं नाही. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, कारण ताप कशाचा ते कळायला हवं. पॅरासिटामॉलनं अंग हलकं होतं, आकडी टळत नाही. तेव्हा गोळी द्यायला उशीर झाला म्हणून आकडी आली, असं आईनं मनाला लावून घेऊ नये.

चतुर्थीला आम्ही आलो की नंतर बाळू आठवडाभर तुमच्याकडेच राहील. स्प्रे कसा मारायचा ते तेव्हा दोघांनाही करून दाखवते.

तुमची,
बाय