शंख वेचताना आधी आत बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या देवगड-मालवण पट्ट्यात पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते. आलेल्यांचं स्वागतच आहे, गावातल्या घरांना त्यातून चार पैसे मिळतात. पण परतताना अनेकांच्या हातात शंखांनी भरलेली पिशवी असते, म्हणून हे पत्र.

पुळणीवरचा रिकामा शंख शंखातल्या खेकड्याच्या कामाचा असतो. या खेकड्याचा पुढचा भाग टणक, पण पोट मऊ, उघडं आणि पिळवटलेलं. मागच्या आखूड पायांनी तो शंखाला आतून घट्ट धरून राहतो. शंख त्याला स्वतः बनवता येत नाही, समुद्री गोगलगायींच्या मागे उरलेल्या शंखांवरच त्याची सारी भिस्त. अंग वाढलं की पुन्हा मोठा शोधायचा.

ही अदलाबदल ओहोटीला कातळातल्या डबक्यात बघायला मिळते. खेकडा नव्या शंखाचं तोंड नांगीनं चाचपतो, तो उलटासुलटा करतो, आतली वाळू काढतो आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जुन्यातून नव्यात शिरतो. काही जातींत तर मोठ्या शंखापाशी खेकडे आकारानुसार रांग लावतात. पहिला हलला की त्याचं घर दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. त्यामुळे आपण उचललेला एक मोठा शंख म्हणजे अख्ख्या रांगेची अडचण. तोकड्या शंखात खेकड्याला पुरतं आत शिरता येत नाही, पक्ष्यांना तो आयता सापडतो. मादी अंडी पोटाला चिकटवून शंखातच सांभाळते, जागा कमी तर अंडीही कमी.

दुसरं, बाटल्या. हिंदी महासागरातली कोकोस बेटं आणि प्रशांत महासागरातलं हेंडरसन बेट इथे झालेल्या अभ्यासानुसार प्लॅस्टिकच्या कचऱ्यात अडकून सुमारे ५ लाख ७० हजार शंखातले खेकडे मेले. तिरक्या पडलेल्या बाटलीत खेकडा शिरतो, गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर येता येत नाही. तो मेला की त्याच्या वासानं शंख रिकामा झाल्याची वर्दी इतरांना मिळते, आणि तेही त्याच बाटलीत उतरतात. हे वाचल्यापासून किनाऱ्यावर पडलेली बाटली मला बघवत नाही.

शाळेच्या सहलीत मी मुलांना सांगायचे, शंख ओल्या वाळूवर ठेवा आणि न हलता थांबा. थोड्या वेळानं आधी नांगी, मग डोळे बाहेर यायचे. मुलं श्वास रोखून बघायची. तोच खेकडा बाटलीभर पाण्यात घालून शहरात नेला तर मरतो.

आठवण न्यायचीच तर कोकमं न्या, मालवणी खाजं न्या. आणि किनाऱ्यालगतच्या ग्रामपंचायतींना विनंती, की पार्किंगच्या पावतीमागे एवढं छापावं: शंख किनाऱ्यावरच राहू द्या, बाटली परत न्या.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, देवगड