गावच्या लेकीची नजर वाचवायला हातभार लावा

समस्त ग्रामस्थ, मुंबई-पुण्याकडची मंडळी आणि गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त देशभर पांगलेले आपले बांधव, सर्वांना यात्रा समितीचा नमस्कार.

आपल्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस असलेल्या ताईंच्या उपचारासाठी हे आवाहन आहे. नाव छापू नका, अशी घरच्यांची इच्छा आहे. गावात मात्र "डोक्यात गाठ आहे", "कॅन्सर आहे" अशी कुजबुज चालली आहे, ती कृपया थांबवा. गाठ नाही आणि कॅन्सरही नाही.

मेंदूभोवतीचं पाणी रोज साधारण अर्धा लिटर नव्यानं तयार होतं आणि तेवढंच शिरांवाटे रक्तात मिसळतं. ताईंच्या कवटीतली, कानामागून जाणारी मोठी शीर अरुंद झाली आहे. पाटात गाळ साचला की पाणी मागं तुंबतं, तसा आत दाब वाढलाय. आणि वाढलेला दाब त्या शिरेला आणखी चेपतोय. वाकून उठलं की क्षणभर डोळ्यांपुढं अंधार, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घुमणारा आवाज, सततची डोकेदुखी. हे सगळं पित्ताचं समजून बरेच महिने अंगावर काढलं गेलं. डोळे तपासताना डोळ्यामागच्या नसेला सूज दिसली, तेव्हा कुठं मिरजेला नेऊन एमआरआय केला आणि पाठीच्या मणक्यातून पाणी काढून दाब मोजला. मोठ्या माणसात तो पाण्याच्या 25 सेंटिमीटरच्या आत हवा. ताईंचा त्याच्या बराच वर निघाला.

दाब कमी करणाऱ्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या चालू आहेत, त्यासाठीच वजनही त्यांनी नेटानं उतरवलं. तरी नजर कडेकडेनं कमी होतच आहे. म्हणून डॉक्टरांनी स्टेंट सुचवलाय. कवटी उघडायची नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर नेतात, अरुंद जागेच्या अलीकडं-पलीकडं दाब मोजतात आणि फरक मोठा असेल तर तिथं जाळीची नळी बसवतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आधीपासून आणि पुढं काही महिने घ्याव्या लागतात.

गेलेली नजर परत येईलच, असं कुणी सांगितलेलं नाही. जी उरली आहे ती राखायची आहे. नस एकदा सुकली की पुढं कितीही पैसा उभा केला तरी उपयोग नाही, म्हणून ही घाई.

महात्मा फुले योजनेतून काय बसतं ते विचारलंय. धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, त्यासाठीही कागदपत्रं दिली आहेत. त्या निकालाची वाट पाहत बसणं परवडणारं नाही. समितीनं यंदाच्या यात्रेतला ऑर्केस्ट्रा रद्द करून ती रक्कम आधीच बाजूला काढली आहे. पालखी आणि कुस्त्या नेहमीप्रमाणं होतील.

रुग्णालयाचं अंदाजपत्रक दूध संस्थेच्या फलकावर लावलंय, सर्वांनी वाचावं. रोख देणाऱ्यांनी तिथंच पावती घ्यावी. बाहेरगावच्यांनी थेट रुग्णालयाच्या खात्यावर भरावं. खात्याचा तपशील समितीच्या सदस्यांकडं मिळेल. शिल्लक राहिली तर ती पुढच्या गोळ्या आणि डोळ्यांच्या तपासण्यांवरच खर्च होईल, हिशोब ग्रामसभेत मांडू.

पैसे जमत नसतील त्यांनी दुसरी मदत करावी. उपचार पुण्यात होणार आहेत. ताईंच्या मिस्टरांना आणि सासूबाईंना तिथं आठ-दहा दिवस राहायला जागा हवी आहे. शिवाय दोन लहान मुलांच्या शाळेची ने-आण आणि घरच्या दोन म्हशींचं दूध-वैरण कोण बघणार, तेही ठरवायचं आहे. ज्यांना जमेल त्यांनी शनिवारी रात्री आठला मंदिरात यावं.

— यात्रा समिती व समस्त ग्रामस्थ, ता. खानापूर, जि. सांगली