हामिदला खेळणं पाहिजे होतं

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा जवळ आल्या की तुमच्या पेपरात पोरांसाठी प्रश्नोत्तरांचं पान येतं, त्यात गोष्टींवरची उत्तरं तयार असतात, पात्राचं स्वभावचित्रण चार ओळी, मध्यवर्ती कल्पना तीन ओळी. माझ्या क्लासची पोरं ते पान कापून वहीत चिकटवतात म्हणून मला माहितीये. त्या पानामागची मेहनत दिसते, पण त्याच्याबद्दल एक गोष्ट खूप दिवसांपासून मनात आहे, आज लिहायलाच बसले.

मी सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला घरीच आठवी नववीचा क्लास घेते. आमच्या भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत हिंदी असं चालतं, पोरं मला अक्का म्हणतात. शनिवारी अभ्यास नाही, फक्त एक गोष्ट मोठ्याने वाचायची आणि मग गप्पा, आणि मी मुद्दाम मोठं होण्याच्या गोष्टी घेते कारण ही पोरं सध्या त्याच वयात अडकलेली आहेत.

मागच्या महिन्यात प्रेमचंदांची ईदगाह वाचली. 1933 ची गोष्ट. चार-पाच वर्षांचा हामिद, आईबाप गेलेले, पण त्याला सांगितलंय की अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लाच्या घरी छान छान वस्तू आणायला गेलीय, त्यामुळे तो खुश आहे. आजी अमीनाने दिलेले तीन पैसे घेऊन ईदच्या जत्रेला जातो आणि खेळणं मिठाई काही न घेता आजीसाठी लोखंडी चिमटा घेऊन येतो, कारण भाकऱ्या करताना तिची बोटं भाजतात. गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे आणि उत्तर पण बऱ्याच जणांना पाठ आहे: हामिद समजूतदार, त्यागी, आजीवर प्रेम करणारा.

वाचून झाल्यावर एक पोरगी म्हणली, अक्का, खेळणं तर दोन पैशालाच होतं की, त्याच्याकडे तीन होते, मग घेता आलं असतं.

मी परत पान काढून बघितलं, खरंच दोन पैसे लिहिलंय. इतक्या वेळा वाचून माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. मग ती म्हणली, त्याला खेळणं पाहिजेच होतं, तो नावं ठेवतोय नुसतं, मातीचीच आहेत पडली की फुटतील म्हणतोय पण बघतोय तिकडंच. मी विचारलं तुला कसं कळलं, तर खाली बघत म्हणली की गड्ड्याच्या जत्रेला गेल्यावर मी पण आईला म्हणते मला पाळण्यात बसायचं नाही, चक्कर येते. तिची आई विड्या वळते. होम मैदानावरच्या त्या मोठ्या पाळण्याखाली उभी राहून मान वर करून बघणारी ही पोरगी मला त्या वेळी समोर दिसली.

त्यानंतर आम्ही गोष्ट ओळ ओळ परत वाचली आणि किती तरी निघालं त्यातनं. मोहसिन रेवडी पुढं करतो, हामिद हात लांब करतो तर तो स्वतःच्याच तोंडात टाकतो आणि सगळी टाळ्या वाजवून हसतात, तेव्हा हामिद म्हणतो मिठाई काय मोठी गोष्ट आहे, पुस्तकात तिचे किती तोटे लिहिलेत. चिमट्याच्या दुकानाशी उभा राहून तो फक्त आजीच्या बोटांचा विचार करत नाही, आजी किती दुवा देईल, शेजारपाजारच्या बायकांना दाखवेल, लोक किती कौतुक करतील हे पण मनात चाललंय, आणि ह्या पोरांना एक दिवस दाखवून देईन असं पण आहे. दुकानदार आधी सहा पैसे सांगतो मग पाचवर येतो, हामिद काळीज घट्ट करून तीन पैशाला देता का विचारतो आणि तो ओरडेल ह्या भीतीने पुढं चालायला लागतो. घेतल्यावर चिमटा बंदुकीसारखा खांद्यावर! मग पोरांशी वाद घालून, माझा चिमटा तुमच्या सगळ्या खेळण्यांना भारी म्हणून, जिंकतो पण. ह्यात राग आहे, हेवा आहे, थोडी बढाई आहे, शाबासकीची भूक आहे, आणि हे सगळं पोटात असताना त्याने चिमटा घेतला. मला तर असं वाटतं की त्यागी म्हणलं की त्याचं त्या दुपारचं सगळं कष्टच पुसून टाकल्यासारखं होतं, कारण ज्याला काही नकोच असतं त्याने सोडलं काय आणि धरलं काय.

शेवट तर पोरांनी तीनदा वाचायला लावला. आजी आधी छाती बडवून घेते, दुपार झाली, काही खाल्लं नाही प्यायलं नाही आणि हे काय आणलंस, आणि हामिद अपराधी चेहऱ्याने सांगतो तुझी बोटं भाजत होती. लेखक लिहितात की लहान हामिदने म्हाताऱ्या हामिदचा पार्ट केला आणि म्हातारी अमीना लहान मुलगी झाली. ती पदर पसरून रडते. आता ह्याची मध्यवर्ती कल्पना 'मोठ्यांवर प्रेम करावे' अशी लिहिली तर ते रडणं कुठं बसवायचं? पाच वर्षांच्या पोराला इतकं मोठं व्हावं लागलं हे तिला कळतंय आणि त्याला अजून कळत नाहीये, माझ्या मते गोष्टीचा जीव तिथं आहे.

त्या पोरीने शाळेच्या चाचणीत आवडत्या कथेतल्या पात्रावर हामिदच लिहिला, आम्ही बोललो तसाच, हेवा वाटणारा आणि तरी चिमटा घेणारा. पाचात एक मार्क मिळाला, बाजूला लाल पेनने शेरा, हामिदच्या चांगल्या गुणांबद्दल लिहावे. वर्गात साठ-सत्तर पोरं, तपासायला एक माणूस, मी समजू शकते. पण पोरीने वही दप्तरात कोंबली आणि पुढच्या शनिवारी गप्पांमध्ये काही बोललीच नाही, ते मला लागलं.

त्या शनिवारी आम्ही टागोरांची छुट्टी वाचत होतो, 1892 ची. गावातल्या पोरांचा म्होरक्या फटिक मामाबरोबर कलकत्त्याला जातो, मामीला तो नकोसा, शाळेत मास्तरांचा मार, पुस्तक हरवतं, सुट्टी लागेपर्यंत घरी जाता येत नाही. तेरा-चौदाच्या पोराबद्दल टागोर लिहितात की ह्याच्यासारखी अडचण जगात नाही, लहानासारखं बोललं तर बावळट वाटतं आणि मोठ्यासारखं बोललं तर आगाऊ. आवाज फुटलेली माझी नववीची पोरं आधी हसली आणि मग एकदम गप्प. शेवटी फटिक तापात बोटीवरच्या खलाशासारखं दोर सोडून पाणी मोजल्यागत बडबडतो, दोर पुरत नाही म्हणतो, आणि आई आल्यावर म्हणतो आई माझी सुट्टी झाली, मी घरी चाललो. एका पोराने विचारलं दोर कशाला सोडतात, मी सांगितलं पाणी किती खोल ते बघायला, तर म्हणला म्हणजे त्याला तळच लागंना झालाय. मी ह्याच्यापुढं काय समजावून सांगणार होते!

आणि मराठीत आपल्याकडे प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, वनवास हे पुस्तक 1994 मध्ये आलं. बेळगावकडची कानडी वळणाची मराठी बोलणारा पोरगा स्वतःच सगळं सांगतो, त्यातलं अर्धं त्याला कळलेलंच नसतं आणि ते आपल्याला कळतं, आमच्या तेलुगू घरातल्या पोरांना ती मिसळलेली भाषा इतकी जवळची वाटली की एकाने विचारलं, अशी भाषा पुस्तकात चालते होय?

म्हणून विनंती अशी आहे की त्या पानावर महिन्यातून एकदा तरी तयार उत्तरांच्या जागी नुसते प्रश्न द्या, असे की ज्यासाठी गोष्ट परत उघडावी लागेल. त्या पोराला सुरुवातीला काय पाहिजे होतं, ते त्याने कुणाला सांगितलं आणि कुणापासून लपवलं, तो बोलतो काय आणि करतो काय, घरातल्या मोठ्यांच्या नजरेतनं काय सुटलं. आणि पोरांनी पाठवलेल्या उत्तरांतलं एखादं छापा.

त्या पोरीचं हामिदवरचं उत्तर तिला आणि तिच्या आईला विचारून सोबत जोडलंय, दीड पान आहे. छापणार असाल तर शुद्धलेखन दुरुस्त करा, बाकी काही बदलू नका.

आपली,
एक वाचक, अशोक चौक परिसर, सोलापूर